तारखेचा आदला दिवस

मोटर खाली आली आणि तिच्यासोबत कडुनिंबाचा वाळका पाला, धूळ आणि उंदरानं कुरतडलेले कागदाचे तुकडे असं सगळं माझ्या तोंडावर पडलं.

"डोळे उघडू नको!" मामाजी बाहेरून म्हणाले. "आधी तोंड झटक. मोटर दे इकडे."

गाडीत डाव्या सीटच्या पुढे पाय ठेवायची जागा असते, तिथे मी उताणी पडले होते. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर अंगणात. मी आंधळ्यासारखा हात बाहेर काढला आणि त्यांनी मोटर अलगद काढून घेतली.

मामाजी म्हणजे माझे सासरे, मनोहर पिंपळशेंडे. वीज केंद्रात तीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होते. आता त्यांचे गुडघे वाकत नव्हते, कमरेला पट्टा होता, म्हणून त्यांच्याऐवजी मी आत शिरले होते. ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी करायचे. आधी समोरचा खण काढ. मग मोटरीकडे जाणारा सॉकेट ओढ, त्याला हा बल्ब लाव. बल्ब पेटला, म्हणजे करंट येत होता आणि दोष मोटरीतच होता. मग तीन स्क्रू.

रविवार होता. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि अंगणातली फरशी आताच कोमट लागत होती. वरोऱ्याचा मे महिना. आदल्या दिवशी पारा सेहेचाळीसच्या वर गेला होता. गाडीतला एसी ठीक होता, पण गार हवा बाहेर फेकणारा ब्लोअर शुक्रवारी बंद पडला होता. डॅशबोर्डवर बुक्की मारली की दोन मिनिटं फिरायचा, मग पुन्हा गप्प. आणि सोमवारी आम्हाला चंद्रपूरला कोर्टात जायचं होतं.

मी बाहेर आले, तोवर मामाजींनी टेबलावर मोटर उघडलीसुद्धा होती.

"पाह," त्यांनी बोटाच्या टोकावर काळा कण धरून दाखवला. "कार्बन ब्रश. एवढाच उरला. आतलं तांबंही जळून गेलं. हिच्यात आता काही नाही."

"मग?"

"मग दुसरी पाहावी लागते."

"गॅरेजवाला लग्नाला गेलाय. स्पेअरचं दुकान आज बंद. भाड्याची एकही गाडी मिळत नाही, सगळ्या वऱ्हाडात गेल्यात. मामाजी, आपण डॉक्टरांचं पत्र देऊ ना. तारीख पुढे मिळेल."

मागच्याच वर्षी त्यांना ऊन लागलं होतं. तीन दिवस सलाईनवर होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की अकरा ते पाच उन्हात काढायचं नाही, बंद गाडीत तर नाहीच. सकाळी लवकर निघालो तरी परत येताना ऐन दुपार होणार होती.

"नाही," मामाजी म्हणाले. "उद्याच जायचं आहे मले."

असं म्हणून ते मोटरीचे तुकडे पुन्हा जुळवत बसले, जणू ती दुरुस्त होणार होती.

त्यांना उद्याच का जायचं होतं, ते मला ठाऊक होतं. निदान तसं मला वाटत होतं.

हर्षल, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी बदली घेऊन पुण्याला गेला. खोली मिळाली की तुला नेतो म्हणाला. त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी थांबले. पुढे खोली मिळाली, मग फ्लॅट मिळाला, मग त्या फ्लॅटमध्ये कुणीतरी दुसरी राहते हे मला एका लग्नात कळलं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्या गेल्या आणि तीन महिन्यांत हर्षलनं घटस्फोटाचा अर्ज टाकला. अर्जात लिहिलं होतं की बायकोनं माझ्या आईवडलांचा छळ केला, आजारी आईला उपाशी ठेवलं, वडलांना धाकात ठेवून घर बळकावलं. आणि साक्षीदार म्हणून वडलांचं नाव दिलं होतं.

तो अर्ज आला त्या दिवशी मामाजींनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पुण्याहून फोन आला की ते अंगणात जाऊन बोलायचे आणि मला आतून त्यांचं एवढंच ऐकू यायचं, "हाव... हाव... येतो ना. सोमवारी येतो."

मी सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे. दुपारी घरी येऊन त्यांच्यासोबत जेवायचे. भाजी कशी झाली, कूलरमध्ये पाणी भरलं का, एवढंच आमचं बोलणं. मनात मात्र मी बॅग भरून ठेवली होती. वर्ध्याला माझा भाऊ होता. साक्ष झाली की घर सोडावं लागणार हे मी धरूनच चालले होते. बाप मुलाच्या बाजूनं बोलणार, याचा मला राग येत नव्हता. वाईट वाटत होतं ते वेगळंच. त्यांना मधुमेहाची गोळी कोण आठवणीनं देईल, हा विचार यायचा.

"रज्जाकभाईकडे पाहून ये," मामाजी एकदम म्हणाले. "हायवेवर त्याचं भंगारचं आवार आहे. ॲक्सिडेंटच्या गाड्या असतात तिथे. आपल्यासारखी एखादी असंल."

मी डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला, डिकीत स्क्रूड्रायव्हर आणि पान्हा टाकला आणि स्कूटीवर निघाले.

रज्जाकभाई पत्र्याच्या शेडमध्ये ओलं फडकं मानेवर टाकून बसले होते. पिंपळशेंडे साहेबांची सून म्हटल्यावर उठून उभे राहिले. आमच्यासारखीच एक छोटी पांढरी गाडी त्यांच्याकडे होती, तोंडाकडून पार चेपलेली.

"पोरगा लग्नाला गेला बाई. मोटर काढायला कुणी नाही," ते म्हणाले.

"मी काढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीकडे बोट केलं. मी त्या चेपलेल्या गाडीत शिरले. सीट तापून तव्यासारखी झाली होती. सकाळी जे करायला मला तासभर लागला होता, ते तिथे पंधरा मिनिटांत झालं. खण, सॉकेट, तीन स्क्रू. या खेपेला डोळे आधीच मिटून घेतले. मोटर हातात आली तेव्हा मला इतका आनंद झाला, की क्षणभर आपण ही कशासाठी काढतो आहोत हेच मी विसरले.

रज्जाकभाईंनी एक जुनी बॅटरी आणली आणि मोटरीच्या दोन वायरी तिला टेकवल्या. पंखा फिरला, पण हवा अगदीच जेमतेम. माझा चेहरा उतरला. ते हसले, वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा टेकवल्या. जमिनीवरची सगळी धूळ भस्सकन आमच्या तोंडावर उडाली.

"उलटी लावली की उलटी फिरते," ते म्हणाले. "आवाज येतो, पण हवा नाही येत. साहेबांना सांगायची गरज नाही म्हणा. त्यांनी आमच्या मशिदीचे सगळे पंखे बांधून दिलेत."

दुपारभर आम्ही कूलरसमोर बसून राहिलो. मामाजींनी आणलेली मोटर पुसली, तेलाचा थेंब सोडला, पंखा बोटानं फिरवून कानाजवळ धरला. आमच्या गाडीतला सॉकेट तडकला होता, म्हणून वायरी कापून सरळ जोडाव्या लागणार होत्या. वायरींचे रंग उडून सगळ्या सारख्याच मातकट झाल्या होत्या.

मध्येच ते म्हणाले, "प्रणिता, संध्याकाळी सांजोऱ्या करशील का? थोड्याच. उद्या न्यायला."

"कुणाला?"

"हर्षलले आवडतात. त्याची आई करायची."

मी रवा भाजायला घेतला. कढईसमोर उभी राहून एकदाच डोळे पुसले. घाम इतका होता की त्यात काही वेगळं दिसलं नसतं.

पाच वाजता ऊन भिंतीवर गेलं, तेव्हा आम्ही पुन्हा अंगणात आलो. मी आत शिरून मोटर वर धरली, तीन स्क्रू कसले. वायरी खाली लोंबत ठेवल्या. जोडायचं काम मामाजींनी स्वतः केलं. दाराशी खुर्ची ओढून, कमरेत वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांनी दोन्ही जोड पिळले आणि काळी टेप गुंडाळली. त्यांचे हात वायरीवर असे चालायचे की बघत राहावं.

"लाव आता."

मी चावी फिरवली, ब्लोअरचं बटण चारवर नेलं. आवाज आला. मी जाळीसमोर हात धरला. हवा येत होती, पण फुंकर घातल्यासारखी.

मामाजींनीही हात पुढे केला. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"जुनी मोटर आहे," ते म्हणाले. "एवढीच हवा देते."

"एवढ्या हवेत तुम्हाला दुपारी आणता नाही येणार."

"नाही येणार," ते म्हणाले आणि हात मागे घेतला. "मग राहू दे. तू म्हणत होती ना, डॉक्टरचं पत्र."

मी हातात पान्हा घेऊन तशीच उभी राहिले. वायरी उलट्या लागल्या आहेत हे मला समजलं होतं. सकाळी रज्जाकभाईंच्या आवारात ती धूळ तोंडावर घेतली नसती तर समजलं नसतं. आता मी काही न बोलता आत जाऊन चहा टाकला असता, तर उद्या कुणीही कुठेही जाणार नव्हतं. तारीख पुढे गेली असती. महिना, दोन महिने, कदाचित पावसाळा निघाला असता. तेवढे दिवस दुपारचं जेवण दोघांनी एकत्र घेतलं असतं.

मामाजी माझ्याकडे बघत नव्हते. पान्हे एकेक पुसून डब्यात ठेवत होते. दोरीवर त्यांचा पांढरा शर्ट वाळत होता. सकाळी स्वतःच्या हातानं धुतला होता, नीळ घालून.

"मामाजी," मी म्हणाले, "वायरी उलट्या लागल्यात. अदलाबदल करून बघा."

त्यांचा हात डब्यावर थांबला.

"असं म्हणते?"

"रज्जाकभाईंनी दाखवलं मला."

ते सावकाश उठले, पुन्हा दाराशी बसले, टेप सोडवली, वायरी बदलल्या. मी बटण फिरवलं तर जाळीतून असा झोत आला की त्यांचे विरळ केस उभे राहिले. पाच मिनिटांत गाडी गार झाली. मामाजी सीटवर बसून होते, डोळे मिटून. मला वाटलं, मुलाकडे जायला मिळणार म्हणून त्यांना बरं वाटतंय.

सोमवारी सातला निघालो. गाडी मी चालवत होते. सांजोऱ्यांचा डबा त्यांच्या मांडीवर होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात हर्षल वकिलासोबत उभा होता. वाळला होता. वडलांच्या पाया पडला, माझ्याकडे बघितलं नाही. वकिलानं एक टाइप केलेला कागद पुढे केला. "काका, सगळं लिहून ठेवलंय. तुम्ही फक्त सही करायची."

"वाचून दाखवा," मामाजी म्हणाले.

वकिलानं घाईघाईनं वाचलं. मी चार हातांवर बाकावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं. उपाशी ठेवणे. धमकावणे. घराचा ताबा. मामाजींनी शेवटपर्यंत ऐकलं, कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

"आत गेल्यावर पाहू," ते म्हणाले.

साडेबाराला पुकारा झाला. आत पंखा गरगरत होता. न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या. वकील म्हणाला, साक्षीदार हजर आहेत, प्रतिज्ञापत्र सादर करतो. मामाजींनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. सही केली नव्हती.

"मॅडम, मी यावर सही करत नाही. यात लिहिलंय ते झालं नाही."

वकील काही बोलायला लागला, तर बाईंनी त्याला हातानं थांबवलं. "बाबा, तुम्ही राहता कुठे?"

"वरोऱ्याले."

"कुणाकडे?"

मामाजींनी मागे वळून बघितलं. मी कुठे बसले आहे ते शोधलं.

"हिच्याकडे," ते म्हणाले.

"पण घर तर तुमच्या नावावर आहे ना?"

"नावावर माझ्या आहे मॅडम. राहतो मी हिच्याकडे."

मामाजी पुढे बोलत गेले, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "माझी बायको दोन वर्षं पडून होती. हिनं तिले अंघोळ घातली, भरवलं, साफ केलं. शेवटी माझी बायको बोलू शकत नव्हती, तर हिनंच तिच्या डोळ्यातलं ओळखून मले सांगायचं. मुलगा माझाच आहे. वाईट नाही. पण हे खोटं लिहिलं त्यानं. मले एवढंच सांगायचं होतं."

हर्षल खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, लहान मुलासारखे.

बाहेर आल्यावर मामाजींनी त्याच्या हातात डबा दिला.

"सांजोऱ्या आहेत. प्रणितानं केल्या. तुझ्या आईसारख्या नाही झाल्या, पण खा."

हर्षलनं डबा घेतला. म्हणाला, "बाबा, एवढ्या उन्हात कसे जाल?"

"ब्लोअर बदलला हिनं," मामाजी म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

पुढे त्या अर्जाचं फारसं काही उरलं नाही. हर्षलनं तो मागे घेतला आणि वर्षभरानं आम्ही दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला, कुणावर काही न लिहिता. मी वर्ध्याला गेले नाही. मामाजी त्यानंतर सहा वर्षं जगले.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेवरचं. अडीच वाजले होते. भद्रावती मागे पडली, तरी आम्ही बोललो नव्हतो. रस्त्यावर माणूस नव्हता, झळांनी पुढचं डांबर हलताना दिसत होतं. आत गार होतं.

"मामाजी," शेवटी मी म्हणाले, "आधी काहून नाही सांगितलं मला? इतके दिवस मी काय काय समजत होते."

"सांगितलं असतं, तर तू म्हणाली असती, मुलाविरुद्ध नका बोलू, राहू द्या." ते खिडकीबाहेर बघत होते. "आणि मी ऐकलं असतं. मले तेच पाहिजे होतं, कुणीतरी राहू द्या म्हणावं."

मी गिअर बदलला.

"काल वायरी उलट्या लागल्या होत्या, ते मले पहिल्या आवाजालाच समजलं होतं."

माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला.

"तीस वर्षं मोटरी ऐकल्या मी, प्रणिता. चुकून लागल्या होत्या, हे खरं. मुद्दाम नाही लावल्या. पण आवाज आला आणि मी म्हटलं, चला, आता जाणं होत नाही. माझ्याच्यानं होत नव्हतं. पोराच्या तोंडावर त्याले खोटा म्हणायचं... मी गप्प राहिलो."

"मीही राहिले होते," मी म्हणाले. "एखादं मिनिट."

"डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं ना मले. तू पान्हा घेऊन उभी होती. मी मनात म्हणत होतो, नको बोलू, नको बोलू." ते थांबले. "आणि तू बोलली. तुले वाटत होतं की मी तिकडे जाऊन तुझं घर मोडणार आहो. तरी बोलली."

मला समोरचं नीट दिसेना. तेच म्हणाले, "बाजूला घे गाडी."

रस्त्याच्या कडेला एक मोठं चिंचेचं झाड होतं. त्याच्या सावलीत मी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून. मामाजींचे खांदे हलायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते रडले नव्हते. आता तोंड उघडं टाकून, आवाज न काढता रडत होते. त्यांचा एकुलता एक मुलगा होता तो.

लग्न झाल्यापासून सणावाराला मी त्यांच्या पायांना हात लावत आले होते. त्यांचा हात मात्र कधी हातात घेतला नव्हता. आमच्यात तशी रीतच नाही. त्या दिवशी घेतला. खरबरीत, जाड हात होता, आणि गार पडला होता. मी तो दोन्ही हातांत धरून बसले. एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. कितीतरी वेळानं त्यांनी दुसऱ्या हातानं चष्मा पुसला आणि म्हणाले,

"चल बेटा. घरी जाऊ."